सांगलीत बसून फ्रेंच शिकताय? मग हा क्रम पाळा, नाहीतर सहा महिन्यांनी परत 'बोंझूर'वरच याल

विश्रामबागेतल्या माझ्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी एक वही घेऊन येतं आणि सगळ्यांची कथा एकच असते. अ‍ॅपवर दीडशे दिवसांचा स्ट्रीक झालाय, क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, अकरावी-बारावीत स्कोरिंग म्हणून फ्रेंच घेतलं होतं त्याचे मार्कही चांगले आहेत, पण मी साधं 'तुमचा फोन नंबर सांगा' म्हणून फ्रेंचमध्ये विचारलं की समोरचा माणूस छताकडं बघायला लागतो. मेहनत कमी नसते हो, क्रम उलटा असतो. आधी लिहिणं, मग वाचणं, मग व्याकरण आणि सगळ्यात शेवटी वेळ उरला तर ऐकणं-बोलणं. दुसरी गोची म्हणजे आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो. खरं तर मराठीतून गेलं तर अर्धी वाट आधीच चाललेली असते, ती कशी ते खाली सांगते.

मी स्वतः हे सगळं चुकून शिकलेय, त्यामुळं खालच्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत.

टप्पा ०: वही उघडायच्या आधी

पहिलं काम, कशासाठी शिकायचंय ते एका ओळीत लिहा, कारण त्यावर परीक्षा ठरते आणि इथंच लोकांचे पैसे जातात. फ्रान्समध्ये शिकायला जायचं असेल, नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असेल किंवा नुसतीच आवड असेल तर डेल्फ ही परीक्षा. त्याच्या ए१, ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या आहेत, त्यापुढं सी१ आणि सी२ ला दाल्फ म्हणतात, आणि एकदा पास झालात की तो डिप्लोमा कायमचा. पण कॅनडाच्या फेडरल पीआरसाठी, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यासाठी, डेल्फ चालत नाही, तिथं टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. त्यामुळं कॅनडाला जायचंय आणि डेल्फ बी१ ची फी भरून बसलात असं करू नका, आणि उलट बाजूनं, तयारी व्हायच्या आधीच टीईएफ देऊन ती दोन वर्षं वाया घालवू नका.

वेळेचा अंदाज: ए१ ला, म्हणजे पहिल्या पायरीला, साधारण शंभर तास धरा. रोज पाऊण तास दिला तर चार-साडेचार महिने. 'तीन महिन्यांत बी२' अशी जाहिरात दिसली तर पुढं चला.

क्लासचं म्हणाल तर पुण्यात एरंडवण्याला पटवर्धन बागेत आलियाँस फ्राँसेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. सांगलीहून दर शनिवार-रविवार पुणं करणं म्हणजे येऊन-जाऊन साडेचारशे किलोमीटर, मी ते केलंय आणि कुणाला सांगणार नाही. सातारकरांना एक वेळ जमेल. आपल्यासाठी ऑनलाइन बॅच बरी, पण भरती होण्याआधी दोनच प्रश्न विचारा: बॅचमध्ये किती जण आहेत, आणि एका तासात प्रत्येकाला किती मिनिटं बोलायला मिळतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

सामान फार लागत नाही. कानात बसणारे बरे हेडफोन, एक दोनशे पानी वही, आणि फोनच्या कीबोर्डमध्ये फ्रेंच भाषा पहिल्याच दिवशी अ‍ॅड करा. अक्षरांवरच्या त्या काड्या आणि टोप्या शोभेच्या नाहीत. आपल्याकडं 'दिन' आणि 'दीन' मध्ये फरक आहे ना, तसंच आहे ते.

टप्पा १: पहिले तीन आठवडे फक्त कान आणि तोंड

ह्या तीन आठवड्यांत व्याकरण नाही. लोकांना हे पटत नाही, त्यांना पहिल्या दिवशी तक्ता हवा असतो. पण चुकीचा उच्चार एकदा जिभेवर बसला की तो काढायला सहा महिने जातात, तक्ता काय कधीही पाठ होतो.

आधी आपल्या फायद्याच्या गोष्टी. फ्रेंच 'त' आणि 'द' हे आपले त आणि द आहेत, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजी मीडियमची सवय असलेली पोरं 'टु' म्हणतात, 'टाब्ल' म्हणतात, आणि तिथंच कळतं की हे इंग्रजीतून आलेत. सरळ मराठी त म्हणा. क आणि प पण आपलेच, इंग्रज त्यात हवा सोडतात ती सोडू नका.

आता अडचणीचे चार आवाज, ह्याच क्रमानं घ्या:

१. 'तु' मधला यू. हा आपल्याकडं नाही. तोंडानं 'ई' म्हणत राहा आणि 'ई' न थांबवता ओठ 'ऊ'सारखे गोल करा. जीभ हलवायची नाही, फक्त ओठ. जो काही विचित्र आवाज येईल तोच तो. 'तु' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही, ह्यातला पहिला हा विचित्र वाला आणि दुसरा साधा ऊ. हे दोन वेगळे आले पाहिजेत.

२. नाकातले स्वर. इथं सगळ्यात जास्त घोळ. 'बों' म्हणजे चांगला, त्यात शेवटी न नाही, जीभ वर टाळूला लागताच कामा नये. बो, बों, बॉन असे तीन शब्द ओळीनं म्हणा: पहिला सुंदर, दुसरा चांगला, तिसरा चांगली. घरात कोकणातला कुणी असेल तर त्याला बोलतं करा, त्यांच्या नाकात हे आवाज आधीपासून आहेत.

३. र. हा घशातला. सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करताना जो भाग हलतो ना तिथं, पण हळू. सुरुवातीला ख आणि ग च्या मधलं काहीतरी येईल, चालतंय. मराठी र म्हणालात तरी लोकांना कळतं, त्यामुळं ह्याच्यावर महिना घालवू नका, यू आणि नाकाचे स्वर जास्त महत्त्वाचे.

४. 'झ' म्हणजे मी. हा आपल्या झाडातला झ नाही आणि जेवणातला ज पण नाही, 'टेलिव्हिजन' नीट म्हटलं की मधे येतो तो.

शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा गप्प असतं, म्हणून पॅरिसचं 'पारी' होतं. सी, आर, एफ, एल ही चार अक्षरं शेवटी आली तर बऱ्याचदा उच्चारतात, पण 'एर'नं संपणाऱ्या क्रियापदांत तो आर पण गप्प. आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की गप्प बसलेलं अक्षर जागं होतं: 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', म्हणजे मित्र. संधी शिकलोय आपण शाळेत, घाबरायचं काय.

तपासा: नाक चिमटीत धरून 'बो' म्हणा, काही फरक पडणार नाही. मग 'बों' म्हणा, आवाज अडकला पाहिजे. अडकत नसेल तर तुम्ही अजून तोंडानंच म्हणताय.

सावधान: वहीत फ्रेंच शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू नका. मी इथं लिहितेय ते तुम्हाला वाचता यावं म्हणून, पण यू चा आवाज देवनागरीत मावत नाही आणि डोळा कायम खालची ओळ वाचतो, वरची कधीच नाही. त्यापेक्षा शब्द फोनवर ऐका, तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा, आणि दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यांदा लाज वाटते. वाटू द्या.

टप्पा २: आकडे, आणि ते लगेचच

पुस्तकात आकडे तिसऱ्या-चौथ्या धड्यात येऊन जातात आणि मास्तर पण पुढं सरकतात. मी म्हणते पूर्ण एक आठवडा फक्त आकडे करा, कारण दुकानात, स्टेशनवर, परीक्षेच्या ऐकण्याच्या पेपरात सगळीकडं हेच अडवतात.

एकोणसत्तरपर्यंत ठीक चालतं. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', पंच्याहत्तर म्हणजे 'साठ-पंधरा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि सत्त्याण्णव म्हणजे 'चार-वीस-सतरा'. ह्यावर सगळे हसतात, पण आमची आज्जी आंबे विसाच्या हिशोबानं मोजायची, चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. तिला हे फ्रेंच आकडे पाच मिनिटांत कळले असते. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला वेगळे सुटसुटीत शब्द आहेत, पण ते पुढचं पुढं.)

खरी चूक ऐकताना होते. 'कात्र-वें' ऐकलं की आपण पटकन ८० लिहितो आणि मागून 'कातोर्झ' येतं, मग खाडाखोड. आकडा पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवू नका. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्या करून सांगतात, आपल्यासारखं 'डबल नाईन' नाही.

सराव फुकटचा आहे. रस्त्यावर उभं राहिलं की समोरच्या गाडीचा नंबर वाचा. एमएच १० च्या पुढं ७८९४ असेल तर ७८ आणि ९४ अशा दोन जोड्या, 'स्वासांत-दिझ-वीत, कात्र-वें-कातोर्झ'. सातारकरांनी एमएच ११ वर करा. सिग्नल सुटायच्या आत म्हणता आलं की पास.

टप्पा ३: शब्द एकटा लिहायचा नाही

फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, आपल्याकडं तीन. म्हणजे ओझं कमी झालं, पण मराठी लिंग तसंच उचलून नेऊ नका. चंद्र आपला पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. पुस्तक आपलं नपुंसकलिंगी, त्यांचं पुल्लिंगी, आणि घर स्त्रीलिंगी. म्हणून वहीत नुसतं 'मेझों' लिहायचं नाही, 'युन मेझों' असं 'एक'सकट लिहायचं. 'ल' किंवा 'ला' लावून लिहिलंत तरी चालतं, पण स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाला दोन्हीचं 'ल'च उरतं आणि लिंग लपतं, म्हणून 'एक' बरं. मी पुल्लिंगी शब्द निळ्या आणि स्त्रीलिंगी लाल पेनानं लिहायचे, बालिश वाटतं पण परीक्षेत तो रंग डोळ्यासमोर येतो.

विशेषणं नामाप्रमाणं बदलतात हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला डोंगराएवढं वाटतं. आपण चांगला-चांगली-चांगलं रोज करतोय.

फसवे शब्द मात्र वेगळ्या पानावर ठेवा. 'लिब्रेरी' म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचं दुकान. हॉटेलात 'आंत्रे' म्हणजे मेन कोर्स नव्हे, सुरुवातीचा पदार्थ, आणि 'मन्यु' म्हणजे ठरलेलं ताट, मेन्यूकार्ड हवं असेल तर 'ला कार्त' मागायचं. बेदाण्याच्या धंद्यातल्या लोकांनी तर फारच जपा: 'रेझें' म्हणजे द्राक्षं, बेदाणा हवा असेल तर 'रेझें सेक', सुकी द्राक्षं. आणि ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं पत्राच्या मसुद्यात 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे लिहायला 'सां प्रेझेर्वातीफ' लिहिलं होतं. प्रेझेर्वातीफ म्हणजे कंडोम. मी वाचलं म्हणून थांबलं. त्याला 'कोंसेर्वातर' म्हणतात.

टप्पा ४: क्रियापदं, मराठीला हाताशी धरून

क्रम असा ठेवा: असणे, जवळ असणे, जाणे, करणे ही चार, मग 'एर' वाली नियमित, मग भूतकाळ. भविष्यकाळाची घाई नको, 'जाणे' लावून 'मी करायला जातोय' अशा धाटणीनं दोन महिने निभतं.

इथली नंबर एकची चूक इंग्रजीतून येते. 'आय अ‍ॅम ट्वेन्टी' वरून लोक 'झ स्वी वें' म्हणतात. फ्रेंचमध्ये वय, भूक, तहान, थंडी ह्या गोष्टी माणसाला 'असतात', माणूस थंड नसतो. आपण तरी कुठं 'मी भूक आहे' म्हणतो, 'मला भूक आहे' म्हणतो. म्हणून वाक्य सुचताना मधे इंग्रजी आलं की थांबा आणि मराठीत काय म्हणाल ते बघा. 'मला तुझी उणीव भासते' ची रचना फ्रेंचमध्ये जवळपास तशीच आहे, तू मला उणा पडतोस. आणि 'ओं' नावाचं सर्वनाम पुस्तकात अर्धं पान समजावतात, ते म्हणजे आपलं 'आपण'. बास. 'ओं नी वा' म्हणजे 'चला, जाऊया'. फक्त क्रियापद एकवचनी लावायचं.

भूतकाळात तर मजाच आहे. पुरुष म्हणतो मी गेलो, बाई म्हणते मी गेले. फ्रेंचमध्ये पण 'झ स्वी आले' लिहिताना बाईनं शेवटी एक जादा ई लावायचा असतो. उच्चार तोच, लिहिताना फरक. येणे, जाणे, निघणे, पोचणे, पडणे, थांबून राहणे, जन्मणे, मरणे अशी पंधरा-सतरा क्रियापदं भूतकाळात 'असणे' मदतीला घेतात आणि त्यांत हा बदल होतो, बाकीची बहुतेक 'जवळ असणे' घेतात.

सावधान: 'मी झोपलो', 'मी चाललो' ही पण मराठीत तशीच दिसतात म्हणून 'असणे' लावाल तर फसाल. झोपणे आणि चालणे 'जवळ असणे' घेतात. ती पंधरा-सतरा पाठच करावी लागतात, इथं मराठी मदतीला येत नाही.

तपासा: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलं ते दहा वाक्यांत न थांबता बोला. गेले, आले, खाल्लं, भेटले. थांबलात त्या ठिकाणी कुठलं क्रियापद होतं ते लिहून ठेवा, उद्याचा अभ्यास तेवढाच.

टप्पा ५: रोजचं वेळापत्रक

पाऊण तासाचे तीन तुकडे: पंधरा मिनिटं ऐकणं, पंधरा मिनिटं मोठ्यानं बोलणं, पंधरा मिनिटं लिहिणं-व्याकरण. ऐकायला टीव्ही फाइव्ह मोंदची शिकणाऱ्यांसाठीची फुकट साइट आहे, पातळीप्रमाणं लावलेली, ए१ पासून सुरू करा. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र पण चांगलं, पण ते ए२ च्या आधी लावलंत तर नुसता पाऊस पडल्यासारखं वाटेल.

एकच क्लिप आठवडाभर ऐका. रोज नवीन ऐकणाऱ्यांना दर दिवशी तीस टक्के कळतं आणि तिथंच राहतं. सोमवारी नुसतं ऐका, मंगळवारी लिहून काढा, बुधवारी लिखाण मूळ मजकुराशी ताडून बघा, मग त्याच्या मागोमाग बोलत राहा. सबटायटल लावायचेच असतील तर फ्रेंच लावा, इंग्रजी नाही.

बोलायला माणूस नसेल तर घरातली कामं सांगत करा. भाजी निवडताना मेथी कशी निवडतेय ते बोला. घरचे हसतील, मग त्यांनाही सवय होते, आमच्याकडं आता दूध उतू जायला लागलं की पोरगं 'आतांस्यों', म्हणजे 'सांभाळ', ओरडतं.

टप्पा ६: प्रवास, आधी जवळचा

मिरजेवरून दादर–पुद्दुचेरी चालुक्य एक्सप्रेस जाते. फ्रान्सचा खर्च झेपेपर्यंत ही एक चाचणी करून बघा, पण अपेक्षा नीट ठेवा. तिथं रिक्षावाला तमिळ बोलतो, फ्रेंच नाही. व्हाइट टाउन ह्या जुन्या फ्रेंच वस्तीतल्या रस्त्यांच्या पाट्या 'र्यू', म्हणजे रस्ता, नं सुरू होतात, त्या मोठ्यानं वाचत फिरा, फ्रेंच मेन्यूकार्ड असलेल्या ठिकाणी जाऊन पूर्ण ऑर्डर फ्रेंचमध्ये द्यायचा प्रयत्न करा, समोरच्याला येत नसेल तर हसून सोडून द्या.

प्रत्यक्ष फ्रान्समध्ये माझी पहिली चूक लियोंच्या एका बेकरीत झाली. मी वाक्य घरून घोटून नेलं होतं, 'युन बागेत, सिल वू प्ले', म्हणजे एक लांब पाव द्या, व्याकरण चोख. बाईनं ब्रेडला हातच लावला नाही, माझ्याकडं बघून सावकाश म्हणाली, 'बोंझूर, मादाम'. आपण इथं दुकानात 'दादा, अर्धा किलो भडंग द्या' म्हणून थेट सुरू करतो, त्यात उद्धटपणा नसतो. तिथं असतो. म्हणून क्रम पाठ करा:

१. आत पाऊल टाकलं की बोंझूर, म्हणजे नमस्कार, संध्याकाळी बोंस्वार. बस ड्रायव्हरला, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, सगळीकडं.
२. समोरचा उत्तर देईपर्यंत थांबा.
३. मग 'झ वुद्रे', मला हवं होतं. 'झ व्ह', मला पाहिजे, हे हट्टी पोराचं वाक्य आहे.
४. शेवटी मेर्सी आणि निघताना परत 'ओ रव्हार'.

तू-तुम्हीचं आपल्याला कळतं, अनोळखी माणसाला 'वू' एवढं पुरे. फक्त एक, आपण सासऱ्यांना, मोठ्या दिराला अहो-जाहो करतो तसं घरातल्या मोठ्यांना 'वू' लावायला जाऊ नका, घरात बहुतेक 'तु'च चालतं. समोरचा स्वतः म्हणेपर्यंत ऑफिसात मात्र 'वू'च बरं.

शाकाहारी मंडळींनी 'सां व्यांद' म्हणजे मांस नको एवढंच सांगून थांबू नका, मासे येतील, नाहीतर सॅलडमध्ये 'लार्दों' म्हणून डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघतील. मांस नको, मासे नको, लार्दों नको, अंडं चालत नसेल तर तेही, एकेक करून सांगा. आणि दुपारचं जेवण बारा ते दोनमध्ये उरका, लहान गावात अडीचला गेलात तर किचन बंद. पाणी विकत नको असेल तर 'युन काराफ दो' मागा, नळाचं पाणी जगमध्ये भरून फुकट मिळतं.

टप्पा ७: डेल्फ ए१ ची तयारी

ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क. एकूण ५० हवेत आणि प्रत्येक भागात किमान ५. म्हणजे बोलण्यात ४ पडले तर बाकी कितीही असू द्या, गेलं.

ऐकण्याच्या पेपरात क्लिप दोनदा लागते. पहिल्यांदा लागायच्या आधी प्रश्न वाचून घ्या, आमची पोरं उत्तरपत्रिकेवर नाव घोटत बसतात. लिखाणात एक फॉर्म भरायचा असतो आणि किमान ४० शब्दांचा एक छोटा मजकूर लिहायचा असतो. फॉर्ममध्ये 'नों' म्हणजे आडनाव, 'प्रेनों' म्हणजे तुमचं नाव, ते उलटं होतं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात पुरुषांनीही 'भारतीय'चं स्त्रीलिंगी रूप लिहायचं, कारण ते विशेषण 'राष्ट्रीयत्व' ह्या शब्दाचं आहे आणि तो शब्द स्त्रीलिंगी. चाळीस शब्दांचा मजकूर लिहिताना सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटची सही विसरायची नाही.

बोलण्याच्या भागाला दहा मिनिटं तयारीला मिळतात. त्यात वाक्यं लिहून काढू नका, मुद्दे लिहा, कारण वाचून दाखवलेलं परीक्षकाला लगेच कळतं. पहिल्या भागात ओळख विचारतात, दुसऱ्यात तुम्ही प्रश्न विचारायचे असतात, तिसऱ्यात दुकान-हॉटेलचा प्रसंग. दुसऱ्या भागात बहुतेक जण अडतात कारण वर्षभर उत्तरंच दिलेली असतात. रोज पाच प्रश्न तयार करायची सवय आधीपासून लावा.

आणि आडनावाचं स्पेलिंग सांगायचा सराव, हे हमखास विचारतात आणि हमखास चुकतं. फ्रेंचमध्ये जी ला 'झे' म्हणतात आणि जे ला 'झी', इंग्रजीच्या बरोब्बर उलट. आय ला 'ई' आणि ई ला 'अ'. पाटील असाल तर पे-आ-ते-ई-एल. जाधव असाल तर झी-आ-दे-आश-आ-वे. कुठून आलात विचारलं तर एस-आ-एन-झे-एल-ई.